सगळ्यात मोठं हिरवं वर्तुळ

पुठ्ठ्याच्या कारखान्यात जिन्याखाली एक खोली होती आणि तिथं बावीस वर्षं बसलेल्या माणसाचं खरं नाव आता कुणाला आठवत नव्हतं. आधी टेलिफोनच्या तारा, मग कॉम्प्युटरच्या वायरी, मग वायरीशिवाय बोलणारी यंत्रं, सगळं त्यांनीच जोडलं होतं, म्हणून ते वायरमामा. खोलीत लुकलुकणाऱ्या डब्यांचं एक कपाट, एक टेबल, एक खुर्ची आणि एक पंखा होता. पंख्याचं तोंड कपाटाकडे. दुसरा पंखा मिळावा म्हणून मामांनी एकदा अर्ज केला होता. उत्तर आलं की कपाट तापलं तर कारखाना बंद पडतो. मामा तापले तर काय होतं, याचा उत्तरात उल्लेख नव्हता, आणि मामांनीही विषय वाढवला नाही.

कारखाना चालवायचे मालकांचे जावई. मालक दुसऱ्या गावी राहायचे आणि रोज संध्याकाळी फोनवरून खबर घ्यायचे. जावई समोर असले की सगळे त्यांना 'साहेब' म्हणत, पाठ फिरली की 'जावईबापू'. माणूस वाईट नव्हता. पण सासऱ्याच्या कारखान्यात बसलेल्या जावयाला काहीतरी नवीन करून दाखवावं लागतं, आणि जुनं बरं चाललेलं असलं की त्याची पंचाईत होते. साहेब एका प्रदर्शनाला गेले आणि येताना एक सॉफ्टवेअर घेऊन आले.

"मामा, आपल्याकडचं प्रत्येक यंत्र दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राशी बोलत असतं," साहेब म्हणाले. "कोण कुणाशी किती बोलतं, ते आता आपल्याला दिसणार."

"काय बोलतं तेही दिसतं का?"

"नाही. किती, एवढंच."

जगातल्या बहुतेक चहाड्या याच तत्त्वावर चालतात असं मामांना वाटलं. त्यांनी सॉफ्टवेअर बसवलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये भिंतभर पडदा लावून दिला. पडद्यावर प्रत्येक यंत्राचं एक वर्तुळ. जितकी माहिती ये-जा करेल तितकं वर्तुळ मोठं. पहिले पंधरा दिवस सॉफ्टवेअर काही बोलणार नव्हतं, फक्त बघणार होतं. त्या पंधरा दिवसांत जे रोज घडेल त्याला ते 'नेहमीचं' मानणार आणि पुढं तेवढंच घडत राहिलं की वर्तुळ हिरवं ठेवणार. जास्त झालं किंवा कमी झालं की लाल, आणि वर घंटा. मामांना हे लगेच कळलं. नवी सूनही घराण्याची रीत अशीच शिकते. पहिल्या पंधरवड्यात जे दिसेल ती रीत, मग ती कितीही बावळटपणाची असो.

तिसऱ्या दिवशी मामांनी जिन्याखाली बसून आकडे पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. बॉयलर, स्टोअर, पॅकिंग, ऑफिस या सगळ्यांची मिळून जेवढी ये-जा होत होती, जवळपास तेवढी एकट्या वजनकाट्याच्या केबिनमधून होत होती. आता फाटकातल्या काट्याचं काम ते काय? रद्दीची भरलेली गाडी चढते, तिचं वजन घ्यायचं. आत जाऊन रिकामी होऊन येते, पुन्हा वजन घ्यायचं. दोन आकडे आणि एक पावती. एवढ्यासाठी हत्ती जाईल इतकी वाट लागत नाही.

मामा पाय मोकळे करायला म्हणून फाटकाकडे गेले आणि केबिनच्या उघड्या दारात जाऊन उभे राहिले. आत काटेबाई दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. अकरा वर्षं काट्यावर असल्यामुळे त्यांचं हेच नाव पडलं होतं. बाईंच्या समोर कॉम्प्युटर, डाव्या हाताला पावत्या घ्या-द्यायची खिडकी, आणि पाठीमागे, दाराच्या बाजूलाच, मोठी काच, तिच्यातून अख्खा काटा दिसायचा. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन होता आणि चौकोनात एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती.

"तुझ्या मागे कुणीतरी उभं आहे बघ," म्हातारी म्हणाली.

काटेबाई वळल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मामा. बंद करते. आत्ता बंद करते."

"कोण आहेत ते?" चौकोनातून आवाज आला.

"आमचे वायरमामा आहेत, आई."

"मग त्यांना सांग, कालपासून तुझा आवाज तुटतोय."

मामांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. वायरीचं टोक खिळखिळं झालं होतं. त्यांनी ते काढून घट्ट बसवलं. "आता?"

"आता स्वच्छ आहे," म्हातारी म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

मग काटेबाईंनी गाड्यांच्या मधल्या वेळात, तुटक तुटक, सगळं सांगितलं. घरात दोघीच. गेल्या वर्षी आई ओट्याजवळ पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि बाई कामावरून घरी पोहोचेपर्यंत चार तास फरशीवर पडून राहिली. हाड जुळलं, पण चालणं चार पायांच्या काठीवर आलं. सांभाळायला दोन बायका ठेवून पाहिल्या. दोघी महिन्याच्या आत पळाल्या, कारण आईचे पाय गेले असले तरी जीभ शाबूत होती. शेवटी एक जुना टॅब घरी लावला. सकाळी आठला जोडायचा, संध्याकाळी पाचला तोडायचा.

"हे दिसत नसेल तर मी इथं बसूच शकणार नाही, मामा," बाई म्हणाल्या. "आणि हे साहेबांना दिसलं तरी बसू शकणार नाही."

ते खरंच होतं. गेल्याच महिन्यात पॅकिंगच्या एका कारकुनाला कॉम्प्युटरवर सामना बघताना पकडलं होतं, आणि सामना संपायच्या आत तो घरी पोहोचला होता.

मामांनी बावीस वर्षांत एकाही अहवालात खोटं लिहिलं नव्हतं. त्यात तत्त्वाचा भाग थोडा होता. खोटं लक्षात ठेवावं लागतं आणि त्यांची स्मरणशक्ती बेताची होती. ते केबिनची मोठी काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती.

"बाई, अजून बारा दिवस आहेत," ते शेवटी म्हणाले. "एकही दिवस चुकवू नका. बरोबर आठला लावायचं, बरोबर पाचला बंद करायचं. मध्ये तोडायचं नाही."

"का?"

"ते शिकतंय. जे रोज दिसेल ते शिकेल."

घरी मामांच्या बायकोनं विचारलं, "आज गप्प का?"

"मी रोजच गप्प असतो."

"रोजचं गप्प वेगळं," ती म्हणाली आणि ताट वाढायला गेली. तिनं शिकायला तीस वर्षं घेतली होती, त्यामुळे तिच्याकडून चूक व्हायची नाही.

पंधरा दिवस संपले. साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून पडदा सुरू केला. काळ्या पडद्यावर हिरवी वर्तुळं उमलली. बॉयलर लिंबाएवढा, स्टोअर बोराएवढं, पॅकिंग दिसतंय न दिसतंय असं. आणि डाव्या कोपऱ्यात, फाटकाच्या जागी, परातीएवढं एक गरगरीत हिरवं वर्तुळ.

"हे एवढं मोठं काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"वजनकाटा आहे, साहेब," मामा म्हणाले.

"एवढं काम असतं तिथं?"

"पहिल्या दिवसापासून तेवढंच आहे."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनी मान डोलावली. हिरवं होतं, आणि हिरवं म्हणजे ठीक, असं सॉफ्टवेअरवालाच सांगून गेला होता. त्यांनी पडद्याचा फोटो काढून सासऱ्यांना पाठवला. सासऱ्यांचं उत्तर आलं, "काट्यावर कोण आहे? चांगलं काम दिसतंय." लग्नानंतरच्या नऊ वर्षांत सासऱ्यांनी कशाला चांगलं म्हणण्याची ही पहिली वेळ. साहेबांनी तो फोटो रोज संध्याकाळी पाठवायचा नेम धरला.

पुढं जे झालं ते मामांच्या गणितात नव्हतं. महिनाअखेरीच्या बैठकीत साहेबांनी काट्याला 'सर्वांत कार्यक्षम विभाग' म्हणून प्रमाणपत्र दिलं. बॉयलरचा मिस्त्री भडकला. तो वीस वर्षं उकाड्यात उभा होता आणि त्याचं वर्तुळ लिंबाएवढं. दुसऱ्या दिवशी त्यानं बॉयलरच्या कॉम्प्युटरवर भजनांचे व्हिडिओ लावून ठेवले. वर्तुळ फुगलं, पण फुगता फुगता लाल झालं आणि घंटा वाजली. स्टोअरच्या कारकुनानं तोच उद्योग जरा हळू केला, तोही लाल झाला. साहेबांनी दोघांना बोलावून सांगितलं की काम असं अचानक वाढवून भागत नाही, काटेबाईंसारखं सातत्य लागतं.

"सातत्य," मिस्त्री जिन्याखाली येऊन म्हणाला. "मामा, ही बाई दोन आकडे लिहिते. त्याला परातीएवढं वर्तुळ?"

"मशिनचं काही सांगता येत नाही," मामा म्हणाले. त्यांना स्वतःची लाज वाटली. आपण बाईंना लपवायला गेलो आणि चौकात नेऊन उभं केलं, हे त्यांना दिसत होतं. पण आता वर्तुळ लहान केलं तर ते लाल होणार होतं. आपणच शिकवलं होतं त्याला.

असे तीन महिने गेले. काटेबाईंचं प्रमाणपत्र काट्याच्या केबिनमध्ये टांगलेलं होतं. आईनं ते चौकोनातून पाहिलं आणि वाकडं लागलंय म्हणाली.

मग एका सोमवारी सकाळी साडेदहाला साहेब स्वतः फाटकात आले. बरोबर शिपाई आणि स्टोअरचा मिशीवाला कारकून. साहेब दारातूनच म्हणाले, "बाई, चला. आजपासून तुम्ही वर. माझ्या केबिनबाहेर टेबल लावलंय, नवी खुर्ची आहे. सगळ्या विभागांना तुम्ही शिकवायचं. काटा हे बघतील."

"साहेब, उद्यापासून येते. आज जरा..."

"मालकांचा निरोप आहे. आत्ताच चला."

काटेबाईंनी माऊसकडे हात नेला, पण साहेब पाठीशीच उभे होते. चौकोन दिसू नये म्हणून त्या कॉम्प्युटरसमोर आडव्या उभ्या राहिल्या आणि आवाजाचं बटण तेवढं बंद केलं. शिपायानं त्यांची पिशवी उचलली. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला शिपाई, आणि मध्ये मागे वळून वळून बघणाऱ्या बाई, अशी वरात वर गेली.

मिशीवाला कारकून खुर्चीत बसला. समोर एक म्हातारी त्याच्याकडे बोट नाचवत ओरडत होती आणि आवाज येत नव्हता. तो दचकला. कॉम्प्युटरमध्ये काही बिघडलं की बंद करायचं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं चौकोन बंद केला.

वर साहेब बाईंना नवी खुर्ची दाखवत होते. खुर्चीला चाकं होती आणि तिच्यावरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. तेवढ्यात केबिनमध्ये घंटा वाजली. पडद्यावरचं परातीएवढं वर्तुळ आक्रसत आक्रसत वाटाण्याएवढं झालं होतं आणि लालभडक होतं.

"काटा बंद पडला!" साहेब ओरडले. "मामांना बोलवा!"

मामा दोन मजले चढून आले. त्यांनी पडदा पाहिला, मग बाईंना पाहिलं. बाई नव्या खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभ्या होत्या.

"बघून येतो," मामा म्हणाले.

खाली काट्यावर गाडी होती, वजन नीट येत होतं, पावत्या निघत होत्या. मामांनी कारकुनाला चहाला पिटाळलं आणि बाईंच्या घरचा टॅब जोडून पाहिला. वाजत राहिलं. पुन्हा जोडला. पुन्हा वाजत राहिलं. दिवसभर त्या टॅबसमोरून न हलणारी म्हातारी उत्तर देत नव्हती.  त्यांना ओट्याजवळची फरशी दिसायला लागली, जी त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी पाच वेळा जोडून पाहिलं, दहा वेळा पाहिलं. कारकून परत आला तेव्हा मामा जवळजवळ धावत निघाले होते, आणि मामांना धावताना कारखान्यात कुणी पाहिलं नव्हतं.

साहेबांच्या केबिनमध्ये पोहोचेपर्यंत त्यांना दम लागला होता.

"साहेब, बाईंना घरी जाऊ द्या. आत्ता."

"का? काट्याचं काय झालं?"

"काटा ठीक आहे. ते वर्तुळ काट्याचं नव्हतंच."

"मग कशाचं?"

"बाईंच्या आईंचं."

मामांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. पंधरा दिवसांचं शिकवणंही सांगितलं, कारण तेवढं लपवायचं कसं हे त्यांना सुचलं नाही. बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, तिकडून कुणी उचलत नाहीये."  त्या दाराकडे निघाल्या.

"थांबा!" साहेब म्हणाले. त्यांचा चेहराही आता वर्तुळाच्या रंगाचा झाला होता. "म्हणजे तीन महिने मी मालकांना... रोज संध्याकाळी... एका म्हातारीचा..."

फोन वाजला. साहेबांनी सवयीनं स्पीकरचं बटण दाबलं.

"साहेब, काट्यावरून बोलतोय," मिशीवाला कारकून म्हणाला. "इथं एक आजी काट्यावर उभ्या आहेत. उतरत नाहीत. चाळीस किलो दाखवतोय. गाडी नंबर काय टाकू?"

बाई जिन्यावरून किती पायऱ्या गाळत उतरल्या ते त्यांचं त्यांनाच माहीत. मामा आणि साहेब मागोमाग. लोखंडी काट्याच्या बरोबर मधोमध, जिथं बारा चाकांच्या गाड्या उभ्या राहतात तिथं, चार पायांची काठी रोवून म्हातारी उभी होती. एका पायात चप्पल, दुसऱ्यात नुसताच मोजा. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती.

"आजी, बाजूला व्हा ना," पहिल्या गाडीचा ड्रायव्हर खिडकीतून विनवत होता.

"माझी मुलगी दाखवा, मग होते."

"आई!" बाई किंचाळल्या. "पडली असतीस म्हणजे?"

म्हातारीनं आवाजाकडे मान वळवली. मुलगी दिसली, तशी ती आधी चिडली. "खुर्ची सोडून कुठं गेली होतीस? दोन माणसं तुला घेऊन गेली. मग एक मिशीवाला येऊन बसला. मग सगळा अंधार. मी काय करायचं होतं, शेंगा सोलत बसायचं होतं?" एवढं बोलून तिचा आवाज चिरकला आणि काठीचे चारही पाय लोखंडावर खडखडायला लागले. वर्षभरात तिनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. धडधाकट माणसाला दहा मिनिटं लागतात तो रस्ता ती अर्धा तास चालून आली होती. बाईंनी तिला मिठी मारली आणि दोघी रडल्या. काट्यानं दोघींचं मिळून वजन दाखवलं. कारकुनानं तेही लिहायला घेतलं होतं, पण मामांनी त्याच्या हातून पेन काढून घेतलं.

साहेब थोड्या अंतरावर उभे होते. रांगेतला हॉर्न वाजायला लागला.

"बाई, काट्याच्या केबिनमध्ये या, मला ते बघायचंय काय आहे," ते म्हणाले. "मामा, यांना घरी पोचवा. तुमचं नंतर बघू."

पोचवायचं कसं, हा प्रश्न होता. आजी आता पाऊलभरही चालण्यातल्या नव्हत्या. शिपाई वर गेला आणि ती नवी चाकांची खुर्ची घेऊन आला. प्लास्टिकसकट.

ऑफिसमधल्या खुर्चीची चाकं फरशीसाठी असतात. रस्त्यावर तिनं फार त्रास दिला. मामा ढकलत होते, आजी काठी मांडीवर आडवी धरून डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, खड्डा आहे, आंधळे आहात का, असं सांगत होत्या. अर्धा रस्ता झाल्यावर त्यांनी एकदम मान मागे वळवून विचारलं.

"नोकरी जाईल का हो तिची?"

"जाऊ शकते," मामा म्हणाले.

"माझ्यामुळे."

"नाही. माझ्यामुळे. मी तुम्हाला फार मोठं करून ठेवलं."

आजींना यातलं काही कळलं नाही, पण माणूस खोटं बोलत नाहीये हे कळलं. पुढच्या रस्त्यात त्यांनी खड्ड्यांबद्दल तक्रार केली नाही.

घर म्हणजे दीड खोली. टॅब एका पत्र्याच्या डब्याला टेकवून असा ठेवला होता की पलंग, ओटा आणि दार तिन्ही त्याच्या नजरेत यावेत. मामांनी मनातल्या मनात कोन मोजला आणि बाईंचं कौतुक केलं. खाली शेंगांची टरफलं सांडली होती, घाईनं उठताना लवंडलेली. मामांनी आजींना खुर्चीसकट टॅबसमोर आणलं आणि कारखान्याशी जोडलं. वाजत राहिलं.

"उचलत नाही ती," आजी म्हणाल्या.

"उचलेल."

"मिशीवाला बसला असेल तर मी बोलणार नाही."

चौकोन उजळला. खुर्चीत साहेब बसले होते. ते जरा पुढे वाकून बघत होते, अनोळखी घरात पाऊल टाकताना माणूस बघतो तसे.

"मामा?"

"हो साहेब."

"मला आजी दिसतायत. एक ओटा दिसतोय आणि दार. बाकी काय दिसतं?"

"बाकी काही नाही, साहेब. एवढंच आहे."

"दिवसभर?"

"आठ ते पाच."

साहेब बघत राहिले. परातीएवढ्या त्या वर्तुळाचे त्यांनी शंभरेक फोटो पाठवले होते. आत काय असतं ते आज पहिल्यांदा बघत होते. आत एक ओटा होता आणि त्यावर झाकून ठेवलेलं एक पातेलं.

"तुम्हीच का ते जावई?" आजींनी विचारलं.

मामांनी डोळे मिटले. हा शब्द साहेबांच्या तोंडावर कारखान्यात कुणी उच्चारला नव्हता.

"हो," साहेब म्हणाले.

"हे चालू असताना ती काम नीट करते का, एवढंच तुम्हाला विचारायचंय ना? मग ऐका. नाही करत. तिची काट्याकडे पाठ असते. गेल्या आठवड्यात एक भरलेली गाडी चढली. वजन घेताना गाडीतून सगळ्यांनी उतरायचं असतं, मला ठाऊक आहे, मी रोज बघते. दोन माणसं आतच दडून बसली होती, रद्दीत आपलंही वजन धरायला. हिला दिसलं नाही. मला दिसलं. मी ओरडले, मग हिनं उतरवलं त्यांना. अशा तीन झाल्या आत्तापर्यंत."

साहेबांनी बाजूला पाहिलं. "खरं आहे हे?"

"खरं आहे, साहेब," चौकोनाबाहेरून काटेबाईंचा आवाज आला. बारीक होता.

"मग आता तुम्ही उठा," आजी म्हणाल्या. "ती तिची खुर्ची आहे. हॉर्न मला इथवर ऐकू येतोय."

साहेब उठले. चौकोनात नुसती खुर्ची राहिली आणि मागच्या काचेत एका गाडीचं लाल नाक. आजींनी मामांचं मनगट पकडलं. बोटं गार होती आणि पकड विळ्यासारखी घट्ट. मामांना आठवलं की आपण जिन्याखालून उठून आल्याला दोन तास होत आले, आणि तिथल्या आपल्या रिकाम्या खुर्चीकडे कुणी पाहिलंही नसेल. त्यांना काटेबाईंचा सरळ सरळ हेवा वाटला. चौकोनाबाहेर साहेब हळू आवाजात काहीतरी बोलत होते. शब्द कळत नव्हते. फक्त बराच वेळ बोलत होते एवढं कळत होतं, आणि तेवढ्यावर काही ठरवायचं नाही हे शहाणपण मामांना आता आलं होतं.

मग काटेबाई येऊन खुर्चीत बसल्या. डोळे सुजलेले होते. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. खिडकीतून हात बाहेर काढून ड्रायव्हरची चिठ्ठी घेतली.

"मामा," मागून साहेबांचा आवाज आला, "संध्याकाळपर्यंत ते हिरवं दिसू दे. फोटो जायचाय."

आजींनी मामांचं मनगट सोडलं आणि टॅबच्या आणखी जवळ सरकल्या.

"रडतेस काय?" त्या मुलीला म्हणाल्या. "मागं बघ आधी. गाडीत कुणी बसलंय का?"

काटेबाई वळल्या, काचेतून गाडीभर नीट नजर फिरवली.

"कुणी नाही, आई," त्या म्हणाल्या आणि वजन घेतलं.